आऊटबॅकमध्ये फोर-बाय-फोर बंद पडली तर: पाना हातात घ्यायच्या आधी आणि नंतर

पहिल्यांदा ऑस्ट्रेलियाच्या वायव्येकडच्या गिब रिव्हर रोडला गेलो तेव्हाची गोष्ट आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. ६६० किलोमीटरचा कच्चा रस्ता, त्यात मधल्या पट्ट्यात पत्र्याच्या छपरासारखे आडवे उंचवटे, ज्याला इथे कॉरुगेशन म्हणतात, आणि त्या खडखडाटात आमच्या जुन्या डिझेल गाडीच्या मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा खालचा माउंट तुटला. मी गाडीखाली घुसलो आणि उन्हात चार तास तो शॉक परत बसवायच्या मागे लागलो, बोल्ट बसेना, बुश फाटलेला, बायको वरून पाणी पी पाणी पी म्हणून ओरडतेय आणि मी हट्टाला पेटलेला. शेवटी जवळच्या कॅटल स्टेशनवरचे (म्हणजे गुरांच्या अवाढव्य फार्मवरचे) एक आजोबा त्यांची यूट, म्हणजे मागे हौदा असलेली गाडी, घेऊन आले, खाली वाकून बघितलं, वरचा नट सोडला, शॉक काढून माझ्या डिकीत टाकला आणि म्हणाले आता चाळिसच्या वर जाऊ नकोस. वीस मिनिटं. बास.

तेव्हा डोक्यात जे बसलं ते असं की रानात बंद पडलेली गाडी आपल्याला दुरुस्त करायची नसते, ती फक्त पुढच्या रोडहाऊसपर्यंत (रानातला पेट्रोल पंप-कम-ढाबा) न्यायची असते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक लोक (म्हणजे मी पण) पहिली करायला जाऊन दमतात, पाणी संपवतात, बोल्टचे आटे घालवतात. तर खाली जे काही सांगतोय ते सगळं याच हिशोबाने वाचा, कमीत कमी काय केलं तर गाडी वीस-तीसच्या स्पीडने का होईना हलेल एवढंच बघायचं.

पहिला अर्धा तास

काही खडखडलं, वास आला, लाल दिवा लागला, तर गाडी थांबवा आणि खाली उतरून सगळ्यात आधी गाडीच्या खाली बघा. इंजिन नाही, खाली. कारण स्पिनिफेक्स. हे ते टोकदार झुबक्यांचं गवत, आतल्या भागात सगळीकडे असतं, ट्रॅकच्या मधोमध उगवतं आणि गाडीच्या पोटाला घासून घासून सायलेन्सरभोवती, गिअरबॉक्सच्या प्लेटवर साचत जातं, त्यात चिकट राळ असते म्हणून पेटलं की भसकन पेटतं. गाड्या जळून कोळसा झालेल्या आहेत याने. डिझेल गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल आणि ते स्वतःला साफ करायला लागलं असेल तर एक्झॉस्ट आणखीनच तापलेला असतो, तेव्हा वाळलेल्या उंच गवतात गाडी उभी करू नका, मोकळी माती शोधा. फायर एक्स्टिंग्विशर सीटखाली हाताला लागेल असा, सामानाच्या तळाशी नाही.

मग हँडब्रेक, चाकांना दगड, सावलीला ताडपत्री, आणि चहा टाका. मजा करत नाहीये, खरंच चहा टाका (फायर बॅन, म्हणजे उघड्यावर आग पेटवायला सरकारी बंदी, नाहीये ना एवढं आधी बघून, तो असेल तर गॅसच्या शेगडीलाही काय परवानगी आहे ते त्या त्या राज्याच्या नियमात बघावं लागतं). चहा होईपर्यंत पंधरा मिनिटं जातात, इंजिन थोडं निवतं, आपलं डोकं जास्त निवतं. आपल्याकडे ट्रकच्या मागे लिहिलेलं असतं ना, अति घाई संकटात नेई, ते इथे शब्दशः लागू.

चहा पिताना पाणी मोजा. माणशी दिवसाला १० लिटरचा हिशोब धरून आम्ही निघतो आणि वर काही दिवसांचं जास्तीचं ठेवतो, तर किती दिवस बसू शकतो हा आकडा आधी काढा, कारण पुढचे सगळे निर्णय त्या आकड्यावर आहेत. रेडिएटरमधलं पाणी त्यात धरू नका. कूलंटमध्ये ग्लायकोल असतं, चवीला गोड आणि पक्कं विष. कितीही तहान लागली तरी नाही.

आणि गाडी सोडून चालत निघायचं नाही. हे शंभर वेळा ऐकलं असेल, तरी एकशेएकाव्यांदा. विमानातून माणूस दिसत नाही, गाडी दिसते, तिचं बॉनेट उघडं ठेवलं तर अजून दिसते. आऊटबॅकमध्ये जी माणसं जिवानिशी गेली त्यातल्या बऱ्याच जणांची गाडी आधी सापडलेली आहे.

मदत बोलवायची कशी

मोबाईलला रेंज नसते हे गृहीत धरा. यूएचएफ सीबी रेडिओ (गाडीतून गाडीशी बोलायचा वायरलेस) असेल तर चॅनेल ४० वर ट्रकवाले बोलत असतात, १० वर फोर-बाय-फोरवाले, आणि ५ व ३५ हे इमर्जन्सीसाठी राखीव आहेत, त्यावर गप्पा मारायच्या नाहीत, कायद्यानेच बंदी आहे. पण यूएचएफचा पल्ला सपाट जमिनीवर काही किलोमीटर, टेकडी आडवी आली की संपलं, तेव्हा त्याच्या भरवशावर कॅनिंग स्टॉक रूटसारख्या पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या निर्जन वाळवंटी ट्रॅकला जाऊ नका. तिथे सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर लागतो आणि सोबत पीएलबी, तो उपग्रहाला संकटाचा सिग्नल पाठवणारा छोटासा ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन. बीकन एएमएसएकडे (ऑस्ट्रेलियाची सागरी सुरक्षा संस्था, शोधकार्य तीच बघते) रजिस्टर करणं फुकट आहे, आणि केलेलं असलं की ज्यांचे नंबर तुम्ही दिलेत त्यांना फोन करून तुम्ही कोण, किती जण आहात हे तिथल्या लोकांना लगेच विचारता येतं. मात्र बीकन म्हणजे जिवावर बेतलं तरच. क्लच गेला म्हणून दाबायचा नाही, तीन दिवसांचं पाणी शिल्लक असताना क्लच गेला ही अडचण आहे, संकट नाही.

जाता जाता, रानात विमानाने डॉक्टर पोचवणाऱ्या रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसचं पहिलं विमान १९२८ साली क्लॉनकरीहून उडालं आणि लगेच पुढच्या वर्षी आल्फ्रेड ट्रेगरचा पायाने पेडल मारून चालवायचा रेडिओ आला, म्हणजे एकेकाळी रानातली माणसं मदत मागायला आधी सायकल हाणायची. आपल्याला एक बटण दाबायचंय आणि आपण त्याची बॅटरी एक्सपायर झालीये का ते सुद्धा बघत नाही.

टायर, कारण दहातले सात वेळा हेच असतं

निदान माझ्या बाबतीत तरी. खरं औषध म्हणजे हवा कमी करून स्पीड कमी करणं. डांबरी रस्त्यावर ३८-४० पीएसआय असेल तर खडीच्या रस्त्यावर मी २६-२८ वर येतो, वाळूत १६-१८, आणि रुतलीच तर १२ पर्यंत, पण १२ वर वळण घेताना टायर रिममधून निघू शकतो म्हणून अगदी हळू. बरोबर आहे की नाही हे कळायला एक सोपा हिशोब आहे, सकाळी थंड टायरचं प्रेशर लिहून ठेवा, तासभर चालवून परत मोजा. साधारण ४ पीएसआयने वाढलं तर ठीक. त्याहून जास्त वाढलं तर टायर फार तापतोय, म्हणजे हवा कमी पडतेय किंवा तुम्ही जोरात चाललाय किंवा सामान जास्त भरलंय. बहुतेक वेळा तिन्ही.

पंक्चर ट्रेडमध्ये असेल तर चाक काढायची पण गरज नसते. खिळा किंवा काटकी लगेच उपटू नका, आधी किट उघडा, दोरीवाला प्लग सुईत ओवा, त्याला सोल्युशन लावा, मगच उपटा. कानसवाली सुई भोकात घालून चांगली आत-बाहेर करा, इथे लोक हात आखडता घेतात आणि मग प्लग बसत नाही, भोक खरवडलं गेलं पाहिजे. प्लग दाबून घाला, बाहेर सेंटिमीटरभर शेपूट राहू दे, मग सुई झटक्यात ओढा. हवा भरा, साबणाचं पाणी टाका, बुडबुडे येत नाहीत ना बघा.

साइडवॉल फाटली तर प्रकरण वेगळं. छोटी चीर असेल तर तीन-चार प्लग शेजारी शेजारी कोंबून टायर हवा धरतो, असा एक टायर आम्ही मागच्या बाजूला लावून दीडशे किलोमीटर आणलाय, पण चाळीसच्या स्पीडने आणि दर वीस किलोमीटरला उतरून हात लावून बघत. मोठी चीर असेल तर टायर रिममधून काढून आतून जाड रबराचा तुकडा आणि ट्यूब टाकायची. टायर रिममधून सोडवायला दुसऱ्या गाडीचं चाक त्याच्या कडेवर चढवा, रिमवर नाही, किंवा जॅकचा पाय टायरच्या कडेवर ठेवून वर गाडीचं वजन द्या. ट्यूब टाकायच्या आधी आतून हात फिरवून काटे काढा, नाहीतर पाच मिनिटांत परत तेच.

परत बसवताना टायर रिमला चिकटत नसेल तर रॅचेट स्ट्रॅप ट्रेडभोवती गोल आवळा, कडा बाहेर फुगतात, व्हॉल्व्हमधली सुई काढून जोरात हवा मारा, फट्ट असा आवाज येऊन बसतो. आत ज्वलनशील स्प्रे मारून काडी लावायचे व्हिडिओ बघितले असतील, ते करू नका, दवाखाना सहाशे किलोमीटरवर आहे.

जॅक वाळूत खचतो म्हणून एक जाड प्लायवूडची फळी, फूटभर बाय फूटभर, कायम ठेवा. फळी नसेल तर स्टेपनी आडवी टाकून तिच्यावर जॅक. आणि हाय-लिफ्ट जॅकच्या दांड्याच्या वर तोंड न्यायचं नाही, तो सुटला तर जबडा घेऊन जातो.

इंजिन तापलं

काटा वर जायला लागला आणि पाणी अजून आत आहे अशी खात्री असेल तर एसी बंद, हीटर फुल, खिडक्या उघड्या, वारा समोरून येईल अशी गाडी उभी करा आणि इंजिन मंद चालू ठेवा, हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच की. पण वाफ दिसतेय, खाली धार लागलीये तर ताबडतोब बंद. पाणी नसताना इंजिन चालवलं की इंजिनचं हेड वाकतं आणि मग कुठलाही जुगाड उपयोगाचा नाही. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही हे माहीत असतं सगळ्यांना, तरी दरवर्षी कोणीतरी भाजतंच.

पहिली शंका परत त्या गवतावर घ्या. स्पिनिफेक्सच्या बिया रेडिएटरच्या जाळीत इतक्या गच्च बसतात की हवाच जात नाही, दात घासायच्या ब्रशने आणि कॉम्प्रेसरच्या हवेने आतून बाहेरच्या दिशेला काढा. समोर बारीक जाळी बांधून निघालात तर हे होतच नाही, जाळी दर थांब्याला झटकायची.

होज फुटला असेल तर आधी पुसून कोरडा करा, मग तो स्वतःलाच चिकटणारा सिलिकॉन टेप मिळतो तो ताणून ताणून गुंडाळा, नुसता गुंडाळला तर उपयोग नाही, दुप्पट लांब होईल इतका ताणायचा. वरून दोन होज क्लिप. आता महत्त्वाचं, झाकण पूर्ण आवळू नका, एक आटा ढिलं ठेवा. म्हणजे आत प्रेशर तयार होत नाही आणि आपली मलमपट्टी टिकते. याची किंमत अशी की १५ पीएसआयचं झाकण असेल तर साधं पाणी सुद्धा साधारण १२० अंशांपर्यंत उकळत नाही, झाकण ढिलं केलं की ते १०० लाच उकळणार, म्हणून हळू चालवायचं, पहाटे किंवा संध्याकाळी चालवायचं आणि पाणी टाकत राहायचं. पिण्याच्या पाण्यातलं किती टाकायचं हे मघाशी मोजलेल्या आकड्यावरून ठरवा.

रेडिएटरची एखादी नळी दगडाने फुटली असेल तर आजूबाजूच्या पट्ट्या पक्कडीने ओरबाडून नळी मोकळी करा, ती कापून दोन्ही टोकं दुमडा आणि पक्कडीने चेपा, वर एम-सील टाइप पुट्टी. एक-दोन नळ्या गेल्याने काही बिघडत नाही. अंडं फोडून टाका, मिरपूड टाका असं जुने लोक सांगतात, भोक बुजतंही, पण सोबत हीटरच्या बारीक नळ्याही बुजतात, मी नाही टाकत.

डिझेल, हवा आणि पळून गेलेला टर्बोचा होज

गाडी एकदम ढिली पडली, ताकदच नाही, मागून काळा धूर, तर घाबरायच्या आधी इंटरकूलरचे होज हाताने चाचपा. खडखडाटात क्लिप ढिली होऊन होज निसटलेला असतो, परत बसवा, क्लिप आवळा, झालं. नव्या गाड्या अशा वेळी लिम्प मोडमध्ये जातात आणि कितीही दाबलं तरी पळत नाहीत, त्यासाठी गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा ब्लूटूथवाला स्वस्तातला ओबीडी रीडर ठेवा, कोड वाचा, कारण दुरुस्त करून कोड पुसा. कारण न शोधता नुसता कोड पुसणं म्हणजे ताप मोजायचं थर्मामीटर फोडण्यासारखं.

गाडी आचके देत बंद पडली तर डिझेल फिल्टर. ड्रममधलं डिझेल कधी कधी पाणी आणि गाळ घेऊन येतं, दोन फिल्टर जास्तीचे ठेवाच. बदलल्यावर वरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबून एअर काढायची, मग सेल्फ मारायचा. कॉमन रेल इंजिनचे इंजेक्टरकडे जाणारे बारीक लोखंडी पाइप मात्र चालू इंजिनात सोडायचे नाहीत, तिथे हजार बारच्या वर प्रेशर असतं, ती धार कातडीच्या आत शिरते.

टाकीला दगड लागून गळायला लागली तर आंघोळीचा साबण. खरंच. वडी त्या चिरेवर घासत राहायची, साबण आत जाऊन बसतो आणि डिझेल किंवा पेट्रोलमध्ये विरघळत नाही. पाण्यात विरघळतो, त्यामुळे वाटेत नदी असेल तर पुट्टी लावा, पण पुट्टीला कोरडं खरखरीत पत्र्याचं तोंड लागतं, म्हणजे आधी गाडी अशा उतारावर लावा की भोक वरच्या बाजूला येईल आणि गळणं थांबेल, मग पॉलिश पेपर घासा. साबण लावून त्यावर पुट्टी टिकत नाही, दोन्हीपैकी एक ठरवा. आणि आसपास विडी-सिगरेट-शेगडी काही नको, मघाशी चहा टाकला होता तो गॅस पण बंद.

करंट

कॉरुगेशनवर बॅटरीचा ट्रे तडकतो, टर्मिनल ढिले होतात, अर्थिंगची वायर तुटते. तेव्हा स्टार्ट होत नसेल तर आधी टर्मिनल हलवून बघा, साफ करा, मग बाकीचं. अल्टरनेटर गेला तर फ्रिज, दिवे, ब्लोअर सगळं बंद करून फक्त दिवसा चालवा, जुनं मेकॅनिकल पंपवालं डिझेल इंजिन जवळपास करंटशिवाय चालतं, नव्याला कॉम्प्युटर आणि पंपासाठी सतत लागतो. दुसरी बॅटरी आणि सोलर पॅनेल असेल तर एक चार्जिंगला, एक गाडीला, अशी अदलाबदल करत चार दिवस निघतात.

चाकांपर्यंत ताकद न्यायची

मागच्या प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांना ताकद नेणारा दांडा) क्रॉस, म्हणजे त्याचा फिरता सांधा, तुटला तर तो शाफ्ट काढूनच टाका. फोर-बाय-फोर आहे ना, पुढची चाकं कशाला आहेत? पुढचे हब लॉक करा, फोर-हाय टाका आणि गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह म्हणून चालवा, फुल टाइम फोर-व्हील असेल तर सेंटर डिफ (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा गिअर) लॉक करायचा, नाहीतर सगळी ताकद तुटलेल्या बाजूला वाया जाते आणि गाडी जागची हलत नाही. काही गाड्यांत शाफ्ट काढल्यावर ट्रान्स्फर केसमधलं ऑइल त्या भोकातून वाहतं, तिथे जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून होज क्लिपने आवळा. उलट पुढचा सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकाला ताकद देणारा सांधा) गेला तर हब अनलॉक करून मागच्या चाकांवर या. हब अनलॉक होत नसतील आणि अख्खा शाफ्ट काढायची वेळ आली तर सांभाळून, बऱ्याच गाड्यांत शाफ्टचं बाहेरचं टोकच हबची बेअरिंग धरून ठेवतं, ते टोक परत जागेवर बसवून नट आवळल्याशिवाय चाक फिरवायचं नाही.

क्लचचं ऑइल गेलं आणि पेडल खाली पडलं तर, मॅन्युअल गाडीत लो रेंज पहिला गिअर टाकून सरळ सेल्फ मारा, गाडी उचकत निघते आणि इंजिन चालू होतं. मग क्लचला पाय न लावता आरपीएम जुळवून गिअर बदलायचे, जमतं हळूहळू. ज्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही तिथे पेडलवरचं स्विच शोधावं लागेल. ब्रेकची एखादी लाइन फाटली तर फाटलेल्या जागेच्या अलीकडे पाइप दुमडून लॉकिंग पक्कड लावून ठेवा, ऑइल टाका, हवा काढा, बाकी चाकांचे ब्रेक चालतात. त्यानंतर उतारावर लो रेंज आणि इंजिनचाच भरवसा.

टाय रॉड (स्टिअरिंगचा दोन्ही पुढची चाकं जोडणारा दांडा) वाकला तर काढून जमिनीवर दोन दगडांमध्ये ठेवून गाडीच्या वजनाने सरळ करा, आणि परत वाकू नये म्हणून त्याला अँगलचा तुकडा किंवा जॅकचा दांडा चार-पाच होज क्लिपने बांधा. मोडलेलं हाड फळीला बांधतात ना, तस्संच.

हीच युक्ती पाट्यांना. मागचा कमानपाटा मोडला की ॲक्सल एका बाजूला सरकतो आणि टायर बॉडीला घासायला लागतो. जॅक चॅसीखाली लावा, ॲक्सलखाली नाही, पाटे मोकळे झाले की ॲक्सल रॅचेट स्ट्रॅपने ओढून जागेवर आणा, मोडक्या पाट्याला लोखंडी पट्टी किंवा टायर लिव्हरचा आधार द्या, आणि ॲक्सल व चॅसीच्या मध्ये लाकडाचा ठोकळा बसवा. मुल्गा नावाच्या इथल्या झाडाचं वाळलेलं लाकूड दगडासारखं असतं, याला उत्तम (एरवी नॅशनल पार्कात लाकूड उचलायला बहुतेक ठिकाणी बंदी असते, ध्यानात ठेवा). आता हे सगळं बांधायचं कशाने तर तारेने, आणि इथे एक गाठ शिकून घ्याच, कॉब अँड को हिच म्हणतात, एकोणिसाव्या शतकातल्या घोडागाडीच्या कंपनीवरून नाव पडलंय. कुंपणाची साधी तार घ्यायची, मधोमध दुमडायची, दुमडलेली जोडतार बांधायच्या वस्तूभोवती फिरवून दोन्ही मोकळी टोकं त्या दुमडीच्या फाशातून ओढायची. मग फाशात स्क्रूड्रायव्हर घालायचा, टोकं त्याच्या दोन बाजूंनी मागे वळवून धरायची आणि स्क्रूड्रायव्हर चावीसारखा फिरवायचा, तार पिळत पिळत इतकी आवळते की केबल टाय त्यापुढे काहीच नाही. जास्त पिळलं तर तुटते, आवाज बदलला की थांबायचं. घरी झाडूच्या दांड्यावर पाच-सहा वेळा करून बघा, रानात शिकायला बसू नका. आणि तार घरून आणा, कोणाच्या स्टेशनचं उभं कुंपण कापायचं नाही, त्याची गुरं सुटतात आणि मग गाडीपेक्षा मोठी भानगड.

बॅटरीवर वेल्डिंग हा शेवटचा पर्याय. दोन किंवा तीन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की २४ किंवा ३६ व्होल्ट होतात, जंपर केबल आणि वेल्डिंगची काडी, तुटलेला ब्रॅकेट जोडला जातो. पण बॅटऱ्या गाडीतून पूर्ण काढून, लांब ठेवून, ओल्या गोणपाटाने झाकून, कारण त्यातून हायड्रोजन निघतो आणि ठिणगीने बॅटरी फुटते, ॲसिड तोंडावर. वेल्डिंगची काच नसेल तर करूच नका. मी आयुष्यात एकदाच केलंय, दिसायला अगदी भयाण सांधा होता, पण टिकला.

पाणी आणि वाळू

नदी ओलांडताना इंजिनने पाणी ओढलं आणि बंद पडलं तर परत सेल्फ मारायचा नाही, पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी बाहेर ओढून काढा, डिझेल असेल तर ग्लो प्लग किंवा इंजेक्टर, पेट्रोल असेल तर स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवा, पाणी भोकातून उडून जाईल. मग ऑइल बघा, दुधाळ चहासारखं दिसलं तर बदलल्याशिवाय चालवू नका. डिफचं ऑइलही बघा, तापलेला डिफ थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं, म्हणून पाण्यात शिरण्याआधी दहा मिनिटं थांबायचं. आणि उत्तरेकडे पाण्याची खोली चालत जाऊन मोजायची नाही. पेंटेकोस्ट नदीत खाऱ्या पाण्याच्या मगरी आहेत, बाकी नद्यांबद्दल पण तेच धरून चाला.

रुतलेली गाडी स्नॅच स्ट्रॅपने (ताणला जाणारा ओढायचा पट्टा) ओढताना टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, अडकवायचं नाही, कधीच नाही. तो गोळा तुटून तोफेसारखा सुटतो आणि ऑस्ट्रेलियात यात माणसं मेलेली आहेत. रेटेड रिकव्हरी पॉइंट, स्ट्रॅपवर ओलं पोतं किंवा डॅम्पनर, बघे लोक स्ट्रॅपच्या लांबीच्या दीडपट अंतरावर. एकटेच असाल आणि झाड नसेल तर स्टेपनी उभी पुरून तिला विंच लावता येते, खड्डा खणायला अर्धा दिवस जातो पण निघते गाडी.

सोबत काय

यादी लांब आहे, मी नेतोच असं सांगतो: कुंपणाची तार, होज क्लिप सगळ्या साइजच्या, ताणायचा सिलिकॉन टेप, पुट्टी, रॅचेट स्ट्रॅप चार, फॅनचा पट्टा (स्टॉकिंगचा पट्टा बनवायच्या गोष्टी आजच्या रुंद दातेरी पट्ट्यांच्या गाड्यांना लागू नाहीत), वरचा-खालचा होज, फिल्टर, चाकाच्या बेअरिंगचा सेट ग्रीससकट, क्रॉस, फ्यूज, वायर, मल्टिमीटर, डबाभर नट-बोल्ट, दोन ट्यूब, आणि गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल फोनमध्ये उतरवून, ऑफलाइन. बेअरिंग लिहिलंय ते ट्रेलरसाठी सुद्धा, दर थांब्याला हबला हाताचा मागचा भाग लावून बघा, एक चाक बाकीच्यांपेक्षा चटका देत असेल तर तिथेच उघडा, पुढे जाऊन नाही.

निघायच्या आधी वर्कशॉपने चाकं काढली असतील तर पन्नास किलोमीटरवर नट स्वतः आवळून बघा. आमचे एकदा हाताने फिरत होते.

सीझन पण बघा. सिम्पसन डेझर्टचं क्वीन्सलँडकडचं नॅशनल पार्क १ डिसेंबर ते १५ मार्च बंदच असतं, आणि त्या उन्हात जी गाडी बंद पडते तिच्याखाली घुसून काम करणं माणसाला शक्य नसतं. कॅनिंग स्टॉक रूट साधारण १८५० किलोमीटर, नऊशेच्या वर वाळूच्या टेकड्या, तिथे निघताना तहान लागल्यावर विहीर खणू असं चालत नाही. विहिरी आहेत, आल्फ्रेड कॅनिंगने शंभर वर्षांपूर्वी खणून घेतलेल्या, पण त्यातल्या कित्येक आता कोरड्या किंवा ढासळलेल्या आहेत.

रोडहाऊसला पोचलात की मेकॅनिकला प्रत्येक जुगाड सांगा, कुठे तार आहे, कुठे साबण आहे, कुठल्या लाइनला पक्कड लटकतेय, नाहीतर तो बिचारा वेल्डिंगची ज्योत घेऊन साबण लावलेल्या टाकीखाली जाईल. टो करून आणायची वेळ आली तर बिल हजारो डॉलरमध्ये जातं, तेव्हा घरून निघतानाच रोडसाइड असिस्टन्सच्या कागदावर किती किलोमीटरपर्यंत ओढून नेतात ते वाचून ठेवा. आणि ज्याला रूट आणि परतीची तारीख देऊन आला होतात त्याला आंघोळीच्याही आधी फोन करा, आम्ही एकदा विसरलो आणि आम्ही रोडहाऊसच्या बागेत पाय पसरून बसलेले असताना तिकडे मेहुण्याने पोलिसांना फोन लावला होता.